जनगणनेच्या रात्रीचा मुक्काम आणि पूर्वजांचा शोध

इंग्लंडमध्ये घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना जुन्या जनगणनेची घरोघरची पत्रके पाहता येतात. शंभर वर्षे गोपनीय ठेवल्यावर ती खुली होतात; १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. मात्र अनेकांना एक अडचण हमखास येते : पूर्वज स्वतःच्या घरी सापडत नाही.

याचे कारण गणनेच्या पद्धतीत आहे. ठरावीक रात्री व्यक्ती जेथे मुक्कामास असेल, तेथेच तिची नोंद होई. १८४१ मध्ये ही रात्र ६ जूनची, तर १८५१ मध्ये ३० मार्चची होती. त्यामुळे चाकरीस गेलेला मुलगा धन्याच्या घरी, तर आजोळी गेलेली नात आजीच्या घरी नोंदली जाई. घरच्या पत्रकात नाव नाही, एवढ्यावरून मृत्यूचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

अशा वेळी १८५१ पासूनचे दोन रकाने उपयोगी पडतात. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते ('पाहुणा', 'नोकर', 'भाडेकरू') मुक्कामाचे कारण सुचविते, तर जन्मस्थान मूळ गावाकडे नेते. १८४१ मध्ये जन्म त्याच काउंटीतला आहे काय, हे विचारले होते; नेमके जन्मगाव नव्हे. प्रौढांची वयेही बहुधा पाचाच्या पटीत उतरवून लिहिली जात. शिवाय परक्याची माहिती घरमालक देत असल्यास चुकीचा संभव असे. म्हणून जन्मगावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ती ताडून पाहणे आवश्यक असते.

आपल्याकडे हा मार्ग बंद आहे. मुंबईच्या जुन्या जनगणना अहवालांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या मिळते, नावे मिळत नाहीत. १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार वैयक्तिक नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत व सामान्यतः पुरावा म्हणूनही ग्राह्य नाहीत.

साहजिकच, गिरणीत कामासाठी गाव सोडलेल्या पणजोबांचा माग गावच्या दप्तरातच काढावा लागतो. शाळेचे जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि जमिनीचे फेरफार हीच त्याची साधने होत. जातीचा दाखला किंवा वारसनोंद यांसाठी वंशजांना याच पानांचा आधार लागतो. वाळवीने खाल्लेले पान पुन्हा लिहिता येत नाही. तेव्हा ही दप्तरे जपणे हे शिक्षक, ग्रामपंचायत आणि महसूल कर्मचारी यांचे समाईक कर्तव्य ठरते.