नवतपा, काच आणि ६८ अंश

मूल गावात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. नवतपाच्या नऊ कडक दिवसांत टिनाच्या घरात कूलरही गरम हवाच फेकतो. म्हणून ‘तापली की आपोआप उष्णता अडवणारी काच’ अशी बातमी मोबाईलवर आली, की ती हातोहात पुढे जाते. या काचेमागचा पदार्थ म्हणजे व्हॅनेडियम डायऑक्साइड. त्याच्याविषयीचे समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : अवस्था बदलते, म्हणजे पदार्थ वितळतो.
घन तो घनच राहतो. १९५९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एफ. जे. मोरिन यांनी हा बदल नोंदवला. साधारण ६८ अंश सेल्सिअसखाली व्हॅनेडियमचे अणू जोडीजोडीने, किंचित कलून बसतात आणि इलेक्ट्रॉन त्या जोड्यांत अडकतात. त्यावर तापमान गेले की जोड्या सुटतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि पदार्थ धातूसारखा वागू लागतो. उत्तम स्फटिकात विजेला होणारा रोध दहा हजार पटींहून जास्त घसरतो. थंड झाला की सगळे पूर्ववत.

गैरसमज : काच काळी पडते.
उजेड जवळपास तेवढाच येतो. अडते ते डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण, आणि उन्हातली सुमारे अर्धी ऊर्जा त्यांच्यातच असते. काचेला पिवळट-तपकिरी झाक मात्र कायम राहते.

गैरसमज : ६८ अंश कधी गाठलेच जात नाहीत, मग उपयोग काय?
हा आकडा हलवता येतो. दर शंभर व्हॅनेडियम अणूंमागे एकाच्या जागी टंगस्टन बसवला, की तो साधारण वीसेक अंशांनी उतरतो. टंगस्टनचे जादा इलेक्ट्रॉन त्या जोड्या सैल करतात. क्रोमियम मिसळले तर उलट चढतो. शिवाय इथे हिशेब काचेवरच्या लेपाच्या स्वतःच्या तापमानाचा असतो. हवामान खाते सावलीतली हवा मोजते; उन्हातली काच तिच्याहून बरीच तापते.

गैरसमज : मग टंगस्टन जितके जास्त, तितके चांगले.
सर्वात महागात पडेल तो हा समज. टंगस्टन वाढवले की बदलाची धारच बोथट होते. थंड आणि गरम अवस्थेतला फरक आटतो. त्यात तापताना आणि निवताना बदल एकाच अंशावर होत नाही. आकडा फार खाली आणला, तर मूलमधली काच वर्षातले बहुतेक महिने एकाच अवस्थेत अडकून पडेल. ते काम साधी उष्णता परतवणारी काच स्वस्तात करते.

माझ्या मते आपल्याकडे या पदार्थाची खरी जागा खिडकी नाही, छत आहे. २०२१ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी टंगस्टनमिश्रित व्हॅनेडियम डायऑक्साइडचा छतासाठीचा लेप मांडला. त्याची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता ३० अंशांच्या वर सुमारे ९० टक्के असते, १५ अंशांखाली ती २० टक्क्यांवर येते. टिनावर मारलेला चुनाही ऊन परतवतो आणि उष्णता सोडतो. पण डिसेंबरच्या रात्रीही तो तशीच सोडत राहतो; टिनाखाली झोपणाऱ्याला फरक जाणवेल तो तेव्हा.