जॉन बोट घेताय? आधी माणसं मोजा, मग फूट

‘धरणाच्या बॅकवॉटरला बोटिंग सुरू करायचंय, ॲल्युमिनियमची बोट किती फुटी घेऊ?’ हा प्रश्न सध्या बरेच जण विचारतात. फूट हा दुकानदाराचा प्रश्न आहे. धंदा करणाऱ्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो : एका फेरीत किती माणसं, कुठल्या पाण्यात, कुठल्या वाऱ्यात? याचं उत्तर कागदावर आलं की फूट, इंच, सीट, इंजिन सगळं आपोआप ठरत जातं.

आज आपण जॉन बोटीबद्दल बोलू. सपाट तळ, पुढचं तोंडही टोकदार नसून चौकोनी, अशी ही बोट मूळची अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या नद्या आणि दलदलींतली. पूर्वी ती लाकडाची असायची, आता बहुतेक ॲल्युमिनियमची मिळते. उथळ पाण्यात चालते, वजनाला हलकी, गाडीमागच्या ट्रेलरवर नेता येते. उदाहरण म्हणून आपण भिगवण धरू. उजनीच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईहून कॅमेरेवाले येतात. काठाला पाणी उथळ, तळाला चिखल. सपाट तळाच्या बोटीसाठी असंच पाणी लागतं.

१. नावातला आकडा वाचायला शिका

या बोटींना १२३६, १४४८, १६५२ असे नंबर असतात. पहिले दोन अंक म्हणजे लांबी फुटांत, पुढचे दोन म्हणजे तळाची रुंदी इंचांत. १४४८ म्हणजे १४ फूट लांब आणि तळाला ४८ इंच, म्हणजे ४ फूट रुंद. वरच्या काठाची रुंदी तळापेक्षा जास्त असते, ती वेगळी विचारून घ्या.

लोक लांबीला भुलतात. पण बोट डुलते ती आडवी, म्हणून रुंदी जास्त महत्त्वाची. लांबी तीच ठेवून तळ ३६ इंचांवरून ४८ केला, तर रुंदी एक तृतीयांशानेच वाढते, पण आडवं कलायला होणारा विरोध जवळजवळ २.४ पट होतो, कारण इथे रुंदीचा घन मोजला जातो. कॅमेरा घेऊन उभा राहणारा पाहुणा असेल तर ४८ इंचांच्या खाली जाऊच नका.

२. माणसांचा हिशोब

अमेरिकेत २० फुटांच्या आतल्या बोटींसाठी एक सोपं सूत्र वापरतात. लांबी गुणिले काठाची रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. अपूर्णांक सोडून द्यायचा. १४ फुटी बोट काठाला साडेपाच फूट असेल तर ७७ भागिले १५, म्हणजे ५ माणसं. १६ फूट लांब आणि ६ फूट रुंद असेल तर ९६ भागिले १५, म्हणजे ६.

आता तीन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, या आकड्यात चालवणारा धरलेला आहे. म्हणजे ५ च्या बोटीत पाहुणे ४. दोन, यात माणूस सरासरी ६८ किलोचा आणि हवा शांत धरलेली आहे. तीन, बनवणाऱ्याने बोटीवर क्षमतेची पाटी लावली असेल आणि तिच्यावर याहून कमी आकडा असेल, तर पाटीचाच आकडा खरा.

३. बोट किती बुडेल, हे घरीच काढा

सपाट तळाचा हा मोठा फायदा आहे, गणित शाळेतलंच लागतं. १४४८ चं पुढचं तोंड वर उचललेलं असतं, म्हणून पाण्याला टेकणारी लांबी १२ फूट धरा. १२ गुणिले ४, म्हणजे ४८ चौरस फूट. एवढा तळ १ सेंटिमीटर खाली जायला साधारण ४५ किलो वजन लागतं.

आता वजन मांडा. बोट १२० किलो, इंजिन ४५, पाच माणसं ३५०, पेट्रोल-बॅग-दोरखंड ३५. एकूण ५५० किलो. भागिले ४५, म्हणजे बोट सुमारे १२ सेंटिमीटर बुडेल. हेच ओझं १२३६ वर टाका. तिचा टेकणारा तळ १० गुणिले ३ फूट, सेंटिमीटरला २८ किलो. बोट ४० किलोने हलकी धरली तरी ती १८ सेंटिमीटर बुडते. भिगवणच्या चिखलात हा सहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे बोट पुढे सरकते की पाहुण्यांना घेऊन रुतून बसते, एवढा फरक.

पण खरी मेख मागे आहे. जिथे इंजिन अडकवतात ती मागची उभी पाटी बाकीच्या काठापेक्षा बुटकी असते, साधारण १५ इंच किंवा २० इंच. १५ इंच म्हणजे ३८ सेंटिमीटर. त्यातून १२ गेले, उरले २६. इंजिन आणि चालवणारा दोघंही मागे, त्यामुळे मागची बाजू आणखी चार-पाच सेंटिमीटर दबते. म्हणजे पाणी आत यायला उरली जेमतेम वीतभर उंची. बोट अचानक थांबवली की तिच्याच मागची लाट या पाटीवरून आत येऊ शकते. प्रवासी न्यायचे असतील तर २० इंची पाटी घ्या. इंजिनही लाँग शाफ्टचंच घ्या. पाटी आणि शाफ्ट जुळले नाहीत तर पंखा एकतर हवा कापतो नाहीतर चिखल.

४. सीट म्हणजे तुमचा शब्द

आता लेआउट. इथे मी हट्टाने एक नियम सांगतो : जितकी माणसं न्यायची, तितक्याच जागा बसवा. एकही जास्त नको.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. आणि आपल्या उजनीत २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जणांचा जीव गेला. पहिल्या घटनेतून माणसं मोजायला शिकायचं, दुसरीतून आभाळ बघायला.

काठावर आठ जणांचं कुटुंब येतं. ‘दादा, लहान मुलं आहेत, मांडीवर घेतो, एकाच फेरीत चला ना.’ समोर गिऱ्हाईक, खिशात बँकेचा हप्ता, अशा वेळी नाही म्हणायला जीभ रेटत नाही. बोटीत लांबलचक बाक असेल तर लोक सरकून सरकून बसतातच. पण चारच सुट्या सीट असतील तर पाचवा कुठे बसणार? तुमच्या वतीने बोटच नाही म्हणते.

दुसरी युक्ती दराची आहे. माणशी दर ठेवला की पाचवा माणूस म्हणजे जास्तीचा पैसा, मग मोह होणारच. अख्ख्या बोटीचा फेरीचा दर ठेवा, ‘चार जणांपर्यंत’ असा. पाचवा बसला तरी तुम्हाला एक रुपया जास्त मिळत नाही, म्हणून तुम्ही त्याला बसवणार नाही. आठ जण आले तर दोन फेऱ्या, दोन फेऱ्यांचे पैसे. सुरक्षितता आणि नफा एकाच दिशेला बांधून टाकले की रोज मनाशी भांडावं लागत नाही.

५. आतली मांडणी

मूळ बोटीतले आडवे बाक काढून मोकळी जागा करायची फॅशन आहे. थांबा! बऱ्याच बोटींत हे बाक दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे आडवे आधार असतात आणि त्यांच्या पोटात फोम भरलेला असतो. बोटीत पाणी शिरलं तर तोच फोम तिला तरंगत ठेवतो. बाक कापला तर ताकद आणि तरंगणं, दोन्ही गेलं. बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय कटर लावू नका.

वजन खाली आणि मध्ये ठेवा. मासेमारीच्या व्हिडिओत दिसतात तसे उंच डेक पाहुण्यांच्या बोटीला नकोत. माणूस फूटभर वर उभा राहिला की बोट लगेच डुलायला लागते. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी शक्य तेवढी पुढे सरकवा, म्हणजे मागचं ओझं हलकं होईल. मधली वाट मोकळी ठेवा.

प्लायवूड जपून वापरा. आठ बाय चारची १९ मिलिमीटरची एक शीट सुमारे ३५ किलो भरते, म्हणजे अर्धा प्रवासी! तो भाडं देत नाही. भिजली की आणखी जड. तांब्याचा अंश असलेल्या औषधाने मुरवलेलं लाकूड ॲल्युमिनियमला लागून ठेवू नका, पत्रा खातं.

६. पत्रा, जोड आणि दुरुस्ती

मरीन ग्रेडचा मिश्रधातू मागा, ५०५२ हा नेहमीचा. जाडी साधारण १.६ ते २.५ मिलिमीटर मिळते. उजनीत पाणी उतरलं की जुनी बांधकामं, दगड वर यायला लागतात. पळसदेवचं देऊळ पाणी कमी झाल्यावर दिसतं, हे तुम्हाला माहीतच आहे. अशा पाण्यात रोज चालवायची तर निदान २ मिलिमीटरचा तळ घ्या.

रिव्हेटची बोट हलकी आणि स्वस्त असते, पण वर्षं गेली की रिव्हेट ढिले होऊन झिरपू लागतात. वेल्डिंगची बोट टणक असते, पण ॲल्युमिनियमचं वेल्डिंग गावातल्या प्रत्येक वेल्डरला जमत नाही, त्याला आर्गन गॅसचं मशीन लागतं. घ्यायच्या आधी ५० किलोमीटरच्या आत असा कारागीर शोधा. नसेल तर फायबरच्या बोटीचाही विचार करा. ऐन हंगामात बोट पंधरा दिवस उलटी पडली तर तो खर्च किमतीत कुठेच दिसत नाही.

आणि सपाट तळाची मर्यादाही ऐका. लाटा उठल्या की तळ आपटतो आणि हलकी बोट वाऱ्याने भरकटते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर फेऱ्या बंद, हा नियम फलकावरच लिहा. रुंद, उघडं पाणी रोज पार करायचं असेल तर ही बोट तुमची नाही. पुढे थोडा व्ही आकार असलेली घ्या.

७. कागद आणि कर्ज

धरणाचं पाणी सरकारचं आहे, जलसंपदा विभागाची परवानगी आधी. इंजिनाच्या बोटीसाठी इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली नोंदणी आणि तपासणीची तरतूद आहे. विमा आणि प्रत्येक सीटला एक लाइफ जॅकेट, मुलांचे छोटे मापही, हे प्रकल्प अहवालात बोटीच्या किमतीबरोबरच धरा. मुद्रा कर्जात किशोर गटात ५ लाखांपर्यंत सोय आहे. पण हप्ता हंगामाच्या महिन्यांवर नाही, बारा महिन्यांवर येतो. वर्षाचा हप्ता हंगामातल्या फेऱ्यांनी भागून बघा. आकडा पोटात गोळा आणणारा असेल तर एक बोट कमी घ्या, फूट वाढवू नका.

या रविवारचा गृहपाठ

अंगणात फक्कीने १४ बाय ४ फुटांचा चौकोन आखा. आत चार प्लास्टिकचे स्टूल ठेवा, मागे चालवणाऱ्याची जागा सोडा. घरच्यांना जॅकेटऐवजी जाड स्वेटर घालून बसवा. एकाला उठून फोटो काढायला सांगा, आजीला मधल्या वाटेने पुढे जायला सांगा. कुणाचा गुडघा कुणाला लागतो, बॅग कुठे ठेवतात, कोण कुणाच्या अंगावर जातं, सगळं वहीत लिहा. मग चौकोन १६ बाय ४ चा करून पुन्हा बसवा.

अर्ध्या तासाचं काम आहे, खर्च पाच रुपयांची फक्की. ती वही घेऊन दुकानात जा, म्हणजे बोलणी तुमच्या आकड्यांवर होतील, त्याच्या स्टॉकवर नाही.