औषध लागू पडलं, आता झाडाला सावरू द्या

फवारणी झाली, जास्वंदीच्या शेंड्यांवरचा पिठ्या ढेकूण गेला, की जळगाव-धुळ्याच्या घरांत लगेच पुढची घाई सुरू होते. मूठभर युरिया, तांब्याभर जास्तीचं पाणी आणि कुंडी थेट गच्चीवर! रोगातून वाचलेलं झाड अनेकदा इथेच दगावतं.

मूळकूज झालेल्या झाडाची तर पाणी शोषणारी बारीक मुळंच गेलेली असतात. ती नव्याने फुटेपर्यंत पानांची तहान भागत नाही. त्यात रासायनिक खत पडलं, की मातीतले क्षार वाढतात आणि उरलेल्या मुळांना पाणी ओढणं आणखी जड जातं. म्हणून नवी पालवी दिसेपर्यंत खत नको, अगदी थोडंसंही नको.

खानदेशात पाण्याचा अंदाज हमखास चुकतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कुंडीत बहुधा शेतातली काळी माती असते. ती वरून भेगाळते, तळाशी मात्र चिखल राहतो. बोट दोन पेरं आत घालून ओल पाहावी, मगच पाणी द्यावं. कुंडी बदलायचीच असेल, तर या मातीत वाळू, कोकोपीट मिसळावं. तळाचं छिद्र मोकळं हवं.

सावलीचं महत्त्व जळगावला नवं नाही. इथली ऊतिसंवर्धित 'ग्रँड नैन' केळीची रोपं प्रयोगशाळेतल्या बाटलीतून थेट शेतात जात नाहीत. त्यांच्या पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. आधी दमट हरितगृह, मग शेडनेट, आणि त्यानंतरच शेत. आजारातून उठलेल्या कुंडीलाही हाच क्रम द्यावा: आधी उजेडाची सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, तेही हळूहळू वाढवत.

डाग पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, म्हणून औषध वाया गेलं असं समजू नये. नवं पान स्वच्छ आलं की झाड सावरतंय. अर्धं हिरवं पान खुडू नका, ते अजून अन्न तयार करतं. बुरशीनाशकाच्या पाठोपाठ ट्रायकोडर्माही घालू नये. ती जिवंत बुरशी आहे, त्याच औषधाने मरू शकते. मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत.

विषाणूची गोष्ट वेगळी. केळीवर कुकुंबर मोझॅक आला, की रावेर-यावलचे शेतकरी रोप उपटून नष्ट करतात, कारण मावा तो विषाणू पुढे नेतो आणि त्यावर औषध नाही. घरच्या झाडावर असा रोग ठरला, तर तिथेही हाच कठोरपणा लागतो. अशा झाडाची फांदीसुद्धा लावू नये. मूळ कुजलेल्या मनीप्लँटचं मात्र तसं नाही. वेल वाचत नसेल, तर वरचं निरोगी पेर कापून स्वच्छ पाण्यात ठेवावं आणि मुळं फुटली की नव्या मातीत लावावं.