घर बांधणाऱ्याची नोंदणी व परवाना : इतवारीच्या संदर्भात एक विवेचन

घरबांधणीच्या व्यवहारात राज्यसंस्थेने कोणाची नोंद ठेवावी, कोणाला परवाना द्यावा व कोणाला मोकळे सोडावे, हा प्रश्न वरकरणी कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु सामान्य कुटुंब आयुष्यात एकदाच घर बांधते व बहुधा सर्व शिल्लक त्यातच घालते. काम चांगले झाले की वाईट, हे त्याला काम संपल्यावर, कित्येकदा दोन-चार पावसाळे गेल्यावर, कळते. पाया, सळया व गिलाव्याखालील थर हे एकदा झाकले गेले म्हणजे तज्ज्ञालाही सहज तपासता येत नाहीत. सबब, घर बांधणाऱ्याच्या पात्रतेची हमी कोणी द्यावयाची, हा प्रश्न अर्थशास्त्र, विधिशास्त्र व लोकप्रशासन या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे असा आहे. नागपुरातील इतवारीसारख्या दाट व जुन्या वस्तीत त्याचे स्वरूप विशेष स्पष्ट दिसते.

१. तीन संज्ञांतील भेद

प्रथम संज्ञांचा उलगडा करणे इष्ट होय. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्यवसायनियंत्रणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली नोंदणी : व्यवसाय करणाऱ्याने आपले नाव सरकारी पुस्तकात नोंदवावयाचे, पण नोंद कोणालाही नाकारली जात नाही. दुसरी प्रमाणन : अमुक व्यक्तीजवळ अमुक कौशल्य आहे असे राज्यसंस्था सांगते, परंतु प्रमाणपत्र नसलेल्यासही ते काम करण्याची मुभा असते. तिसरी परवाना : परवान्यावाचून ते काम करणेच बेकायदा ठरते. फ्रीडमन स्वतः परवानापद्धतीचे कडवे विरोधक होते. तथापि त्यांची ही वर्गवारी विरोधक व समर्थक या दोघांनाही उपयोगी पडते. आपल्याकडील कायद्यांत 'नोंदणी' हा एकच शब्द या तिन्ही अर्थांनी येतो, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथेच आहे.

२. तरणतलावाचे उदाहरण

परवानापद्धतीचे टोकाचे रूप पाहावयाचे असल्यास अमेरिकेतील घरगुती तरणतलाव बांधणाऱ्यांकडे पाहावे. कॅलिफोर्निया राज्यात ठेकेदारांना परवाने देणारे मंडळ १९२९ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या वर्गवारीत तरणतलाव बांधणाऱ्याचा 'सी-५३' असा स्वतंत्र वर्ग आहे. परवाना मिळविण्यास त्या कामाचा चार वर्षांचा अनुभव लागतो, कायदा व कसब या दोन्ही विषयांची परीक्षा द्यावी लागते व २५,००० डॉलरचा जामीनरोखा ठेवावा लागतो. २०२५ च्या आरंभापूर्वी ५०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या कामास परवाना लागत असे. तेव्हापासून ही मर्यादा १,००० डॉलर झाली आहे. करार करताना ठेकेदाराने घ्यावयाची आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या एकदशांश किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्याहून अधिक असता कामा नये, असाही निर्बंध आहे. परंतु सर्वांत परिणामकारक तरतूद निराळीच आहे. परवाना नसलेल्या ठेकेदारास आपल्या मजुरीसाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. उलट दिलेले पैसे परत मागण्याचा अधिकार घरमालकास मिळतो. नियम मोडणाऱ्यास शोधून काढण्याचे काम अशा रीतीने घरमालकाच्या स्वार्थावरच सोपविलेले आहे.

सर्व अमेरिकन राज्यांत हीच रीत आहे असे मात्र नव्हे. फ्लॉरिडात तरणतलावाच्या ठेकेदारांचे तीन वर्ग असून राज्यभर काम करण्याचा अधिकार देणारे प्रमाणपत्र व विशिष्ट स्थानिक हद्दीपुरती नोंदणी असा भेद केला जातो. टेक्सासमध्ये सर्वसाधारण घरबांधणी ठेकेदारास राज्याचा परवाना लागतच नाही. म्हणजे एकाच देशात, एकाच कामाविषयी, परस्परविरुद्ध धोरणे शेजारी-शेजारी नांदत आहेत.

३. इतवारीतील टाकी

इतवारीत घरगुती तरणतलावाची कल्पना करणेही कठीण. रविवारच्या बाजारावरून नाव पडलेल्या या पेठेत सराफा, किराणा व कापड यांची दुकाने रस्त्याला लागून, वर राहती घरे व दोन घरांत एकच भिंत, अशी जुनी रचना आहे. परंतु तरणतलाव नसला तरी त्याचे भावंड येथे आहे. ते म्हणजे जमिनीखालील पाण्याची टाकी. स्थापत्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीची कामे होत. भारतीय मानक संस्थेने दोहोंचा विचार एकत्रच केला आहे : 'आयएस ६४९४' हे मानक भूमिगत जलाशय व तरणतलाव या दोन्हींच्या जलरोधनाविषयी आहे, आणि द्रव साठविणाऱ्या काँक्रीट रचनांसाठी 'आयएस ३३७०' ही मानकमाला आहे. तरणतलावातील पाण्याच्या गुणवत्तेसाठी 'आयएस ३३२८' आहे. मानकांची उणीव नाही. काम मानकाप्रमाणे करील अशा माणसाची ओळख पटविण्याची सोय नाही.

ही उणीव किती महाग पडू शकते, हे जमिनीच्या गुणधर्मांवरून समजते. विदर्भात सर्वत्र परिचित असलेली काळी चिकण माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीत टाकी पाझरू लागली तर पायाखालची जमीन एका बाजूस फुगते, दुसऱ्या बाजूस कोरडी राहते व भिंतीला तिरप्या चिरा पडतात. सामाईक भिंत असल्यास ती चीर शेजाऱ्याच्या घरातही उमटते. टाकी बांधणाऱ्याशी शेजाऱ्याचा कोणताही करार नसतो, तरी नुकसान मात्र त्याच्या वाट्यास येते.

या शेजाऱ्याला कायदा अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा आरंभी मद्रास इलाखा, मध्य प्रांत व कूर्ग एवढ्याच प्रदेशांस लागू होता. मुंबई इलाख्यास तो १८९१ साली लागू झाला. म्हणजे नागपूरकरांना हा कायदा मुंबईकरांच्या आधी नऊ वर्षे मिळाला. जमिनीला लगतच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क या कायद्यात मान्य केला आहे. इमारतीसाठी तसा आधार वीस वर्षे निर्वेध उपभोगला असेल तर तोही हक्क होऊन बसतो. इतवारीतील जुन्या घरांच्या बाबतीत या तरतुदीचे महत्त्व सांगावयास नको. तथापि हा हक्क नुकसानीनंतर किंवा नुकसान दृष्टिपथात आल्यावर कामी येतो. खोदकाम करणारा माणूस जाणकार असावा, एवढी पूर्वदक्षता त्यातून साधत नाही.

४. कायद्याच्या नोंदीत कोण आहे

आता घरबांधणीतील एकेक घटक घेऊन तो कोणत्या पायरीवर बसतो ते पाहू.

वास्तुविद. १९७२ च्या वास्तुविद कायद्याने नोंदणी झाल्यावाचून 'वास्तुविद' ही पदवी लावण्यास मनाई केली. ही मनाई पदवीपुरती की कामापुरतीही, हा वाद दीर्घकाळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी निर्णय दिला की, कायदा पदवीचा वापर रोखतो, आराखडे करण्याचे काम रोखत नाही. फ्रीडमन यांच्या भाषेत हे प्रमाणन झाले, परवाना नव्हे. स्थापत्य अभियंत्यांसाठी तर असा केंद्रीय कायदाही झालेला नाही.

तांत्रिक व्यक्ती. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकासकामास नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांस डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. नकाशा सादर करणारे अभियंते, संरचना अभियंते व पर्यवेक्षक यांची पात्रता व प्रत्येकाच्या कामाची मर्यादा तिच्या परिशिष्टात ठरवून दिली आहे. येथे खरा परवाना आहे, कारण पात्र व्यक्तीच्या सहीवाचून नकाशा पुढे सरकत नाही. जोत्याची तपासणी व भोगवटा प्रमाणपत्र हे पुढचे टप्पे होत.

वीज व नळ. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचे बंधन घातले. पुढील विनियमांनीही तेच तत्त्व कायम ठेवले. नळजोडणीसाठी महानगरपालिकेचा परवाना असलेला कारागीर लागण्याची प्रथाही जुनीच आहे.

प्रवर्तक. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने विक्रीसाठी बांधावयाच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची केली व महाराष्ट्रात त्यासाठी २०१७ साली 'महारेरा' हे प्राधिकरण स्थापन झाले. लेखी करारावाचून एकदशांशाहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतील दोष दाखविल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. परंतु ही नोंदणी प्रकल्पाची आहे, बांधणाऱ्याच्या कौशल्याची नाही. शिवाय जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक नसल्यास, अथवा सदनिका आठांहून अधिक नसल्यास, नोंदणीची आवश्यकता नाही. इतवारीसारख्या लहान लहान भूखंडांच्या वस्तीत पुनर्बांधणी या मर्यादेखालीच होण्याचा संभव अधिक. आणि मालक स्वतःसाठीच घर बांधीत असेल तर विक्रीचा प्रश्नच येत नाही व हा कायदाही लागू होत नाही.

५. नोंदीबाहेरचा ठेकेदार

या सर्व मालिकेत प्रत्यक्ष पाया खोदणारा, सळया बांधणारा, काँक्रीट ओतणारा ठेकेदार कोठे आहे? त्याच्या नावाने अनेक कागद असू शकतात. उलाढाल ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी असते. सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या ठेकेदारांची कामाच्या रकमेनुसार वर्गवारी करतो, पण ती सरकारी कामापुरती. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा व १९९६ चा बांधकाम कामगार कायदा यांनी मजुरांच्या संख्येवर आधारलेली नोंदणी व परवाने आणले. या तरतुदी आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या सर्व कागदांचा हेतू निरनिराळा आहे : एकाचा महसूल, दुसऱ्याचा सरकारी निविदा, तिसऱ्याचा मजुरांचे हित. खाजगी घर बांधण्याचे कसब या माणसास अवगत आहे, असे यांपैकी एकही कागद सांगत नाही. घरमालकास 'सरकारी नोंदणीकृत ठेकेदार' ही पाटी दिसते व तो तिचा अर्थ पात्रता असा लावतो. पहिल्या विभागात सांगितलेला शब्दभेद येथे प्रत्यक्ष पैशाच्या नुकसानीस कारण होतो.

६. दाद मागण्याचे मार्ग

पूर्वनियंत्रण नाही म्हणून पश्चात उपायही नाही, असे समजू नये. १८७२ च्या करार कायद्याखाली नुकसानभरपाईचा दावा करता येतो व त्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवा' या संज्ञेत १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणीचा स्पष्ट समावेश झाला. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही घरबांधणी ही सेवाच असल्याचे सांगितले. २०१९ च्या नव्या कायद्याखाली तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास, २०२१ च्या नियमांनुसार, जिल्हा आयोगाकडे जाता येते.

अडचण पुराव्याची असते. इतवारीतच काय, राज्यातील बहुतेक गावांत मजुरीचा ठेका चौरस फुटाच्या दराने तोंडी ठरतो. सामान मालकाचे, हात ठेकेदाराचे. टाकी पाझरली तर सिमेंट निकृष्ट होते की काम, हा वाद सुरू होतो. कॅलिफोर्नियातील जामीनरोख्यासारखा तात्काळ हाती लागणारा पैसा येथे नसल्यामुळे, निकाल बाजूने लागला तरी वसुली राहून जाण्याची भीती असते.

७. परवान्याचे गुणदोष

मग आपल्याकडेही घर बांधणाऱ्यास परवाना सक्तीचा करावा काय? समर्थकांच्या बाजूने जॉर्ज ॲकरलॉफ यांचा १९७० सालचा प्रसिद्ध युक्तिवाद मांडता येतो : विकत घेणाऱ्यास चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर तो सर्वांना सारखाच दर देऊ करतो, आणि त्या दरात चांगले काम करणारा हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. चौरस फुटाच्या सरसकट दराने चालणाऱ्या ठेक्यास हे वर्णन चपखल लागू पडते. शिवाय शेजाऱ्याचे नुकसान करारात न धरलेले असल्यामुळे केवळ ग्राहकाच्या सावधगिरीवर विसंबून चालत नाही.

विरुद्ध बाजूही तितकीच वजनदार आहे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली उमेदवारीच्या सक्तीवर घेतलेला आक्षेप, की ती गरिबाची हातातील कसबाची मालमत्ताच हिरावून घेते, आजही लागू आहे. नागपुरातील अनेक कुशल गवंडी व मिस्त्री यांचे शिक्षण पाडावरच झालेले असते. लेखी परीक्षेची अट घातल्यास ते बाहेर पडतील व शिकलेला परंतु थापी न धरलेला माणूस आत येईल. परवाना देणारी कचेरी ही लाचेची नवी जागा ठरण्याचा धोकाही दुर्लक्षिता येत नाही. याखेरीज परवान्याचा खर्च शेवटी घरमालकाच्याच दरात चढतो.

या दोन टोकांमध्ये प्रमाणनाचा मार्ग आहे. २०१५ पासूनच्या कौशल्य विकास योजनेत पूर्वी संपादन केलेल्या कौशल्यास प्रात्यक्षिक चाचणीने मान्यता देण्याची सोय झाली. अशी मान्यता बांधकाम परवानगीच्या कागदांशी जोडता येईल : नकाशावर तांत्रिक व्यक्तीच्या सहीबरोबर ठेकेदाराचे नाव व त्याच्या प्रमाणनाची नोंद असावी, आणि जमिनीखालील टाकी व सामाईक भिंतीलगतचे खोदकाम या दोन धोक्याच्या कामांपुरती ती सक्तीची करावी. सर्व कामांना सरसकट परवाना लावण्यापेक्षा, जेथे चूक झाकली जाते व नुकसान तिऱ्हाइतास पोचते तेथेच बंधन घालणे, हे तत्त्व अधिक युक्त दिसते.

८. समारोप

आजच्या व्यवस्थेत कागदावर रेघ ओढणारा, विजेची तार जोडणारा व सदनिका विकणारा हे तिघे नोंदीत आहेत. ज्याच्या हातून भिंत उभी राहते तो त्या नात्याने नोंदीत नाही. ५०० चौरस मीटरांची सूट मोठ्या वसाहतींच्या दृष्टीने क्षुल्लक असेल, परंतु इतवारीसारख्या पेठेत ती सूट हाच नियम होऊन बसतो. म्हणून येथील पुनर्बांधणीच्या परवानग्या, त्यांतील भूखंडांचे आकार व जिल्हा आयोगापुढे आलेल्या बांधकामविषयक तक्रारी यांचा एकत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे. तोवर घरमालकाच्या हाती एवढेच उरते की, करार लेखी करावा, पैसे कामाच्या टप्प्याने द्यावेत, टाकी बुजविण्यापूर्वी पाणी भरून तिची चाचणी घ्यावी आणि नोंदणीचा कोणताही कागद समोर आल्यास तो नेमके कशाची ग्वाही देतो, हे वाचून पाहावे.