उतार बघून बिचकणाऱ्यांनी गुलमर्गला जावं की औलीला?

नांदेड-लातूरकडची हिवाळ्यातली सुट्टी म्हणजे हुरडा, माळेगावची जत्रा आणि येळवस. आता मात्र काही घरांत येळवशीची आंबील-भज्जी उरकली की पुढचा बेत शिजतो, थेट बर्फावर स्कीइंगचा. अशा घरात एक जण हमखास असा असतो, ज्याला घाटातसुद्धा खिडकीबाहेर बघवत नाही. बेत ठरतो उत्साही माणसाच्या मताने आणि पाय लटपटतात याचे. खरं तर जागा निवडायची ती याच्या हिशेबाने.

कारण या खेळात भीतीच माणसाला पाडते. घाबरलेला माणूस उतारावर नकळत मागे रेलतो. वजन टाचांवर गेलं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, वळवला तरी वळत नाही आणि वेग वाढतच जातो. म्हणून प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतात: गुडघे वाका, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकवा, स्कीची टोकं जवळ आणि मागचे भाग लांब ठेवा. औताच्या फाळासारखा हा आकार बर्फ रेटतो आणि वेग मोडतो. तो अंगवळणी पडायला रुंद, मंद आणि शेवटी सपाटीला लागून माणसाला आपोआप थांबवणारा उतार लागतो. तेव्हा चौकशी करताना शिखर किती उंच हे विचारण्यापेक्षा खालचा उतार कुठे संपतो ते विचारा.

या कसोटीवर काश्मीरमधलं गुलमर्ग चांगलं उतरतं, आणि गंमत म्हणजे त्याची कीर्ती नेमक्या उलट गोष्टीसाठी आहे. परदेशी स्कीवाले तिथे येतात ते अफरवत डोंगराच्या वरच्या भुसभुशीत बर्फासाठी. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, दुसरा टप्पा तिथे जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथला बहुतेक उतार यंत्राने दाबून सारखा केलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या भागात एक रशियन स्कीअर त्यातच दगावला. आपल्याला त्या वाटेला जायचंच नाही. खाली, सुमारे २,६५० मीटरवर, उन्हाळ्यात गोल्फ चालतं ते पठार हिवाळ्यात बर्फाखाली जातं आणि नवशिक्यांचे उतार तिथेच आहेत. पडलं तरी मऊ बर्फात, आणि घसरून जायला खाली दरी नाही. पहिल्या टप्प्याने कोंगडोरीला, तीन हजार मीटरच्या थोडं वर, जाऊन डोंगर बघता येतो आणि त्याच पाळण्यात बसून खालीही येता येतं. बिचकणाऱ्या माणसाला ही परतीची सोय फार धीर देते. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे उतरलेला एकमेव खेळाडू आरिफ खान याच परिसरात घडला.

गुलमर्गला त्रास दुसराच. गाडीतून उतरलात की स्लेजवाले, बूटवाले, गाइड घेरतात. प्रशिक्षक आधी ठरवा, रोज तोच माणूस हवा हे सांगा आणि भाडं अगोदर बोलून घ्या. माझं मत विचाराल तर एका दिवशी चार तास शिकण्यापेक्षा रोज दोन तास बरे. थकलेले पाय आणखी घाबरतात.

उत्तराखंडातल्या औलीचा उतार देखणा आहे, समोर नंदादेवी. गढवाल मंडळ विकास निगमाचे ७ आणि १४ दिवसांचे वर्ग ही तिथली मोठी जमेची बाजू. तेच शिक्षक, तीच तुकडी. पण तुकडीत तरुण पोरं भरधाव पुढे गेली की मागे राहिलेल्याचा धीर आणखी खचतो. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये औलीखालच्या जोशीमठची जमीन खचू लागली आणि तिथून वर जाणारा रोपवे बंद करावा लागला. ऋषिकेशपासूनचा दिवसभराचा घाट तर आहेच. ज्याला घाटाचीच धास्ती, तो औलीला पोचतानाच अर्धा दमतो. मनालीजवळचं सोलंग बर्फात फोटो काढायला ठीक. सुट्टीच्या गर्दीत तिथे शिकणं अवघड.

वेळेचं काय? काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलानचे, कडाक्याचे. तरी नाताळला बर्फ मिळेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून पुढे ढकलाव्या लागल्या. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. लातूर पॅटर्नच्या घरांत नेमकी तेव्हाच बारावीची परीक्षा, म्हणजे हा बेत मूल परीक्षेतून मोकळं झालेल्या घरांचा.

एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातलेही पर्यटक मारले गेले. घरातल्या थोरल्यांनी काश्मीरला नको म्हटलं तर ती भीती उताराच्या भीतीहून वेगळी आहे. ती समजावून घालवण्याच्या भरीस पडू नका, औलीचा वर्ग बघा.

जायचं ठरलं तर श्रीनगरला एक रात्र थांबा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते, त्यामुळे श्रीनगरपर्यंतचा डोंगरातला रस्ता टाळता येतो. विमा घेताना त्यात बर्फावरचे खेळ धरलेत का ते विचारा. आणि गोंडोलाचं तिकीट काढताना पहिला टप्पाच निवडा. उत्साही मंडळींना दुसरा हवा असेल तर त्यांनी वेगळं काढावं. बाकीच्यांनी कोंगडोरीला कहवा घेत थांबावं.