बांधावरची शाळा : हिंगोली जिल्ह्यातील फळबागायतदारांचे शिक्षण

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्याची शेतीतील ओळख आजही प्रामुख्याने सोयाबीन, कापूस आणि हळद या पिकांवर उभी आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर ती अधिक ठळक झाली. मात्र पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी ज्या शिवारांना मिळते, त्या वसमत तालुक्यातील गिरगाव-कुरुंदा परिसरात केळीची बागायत चांगली रुजलेली आहे आणि विहीर-बोअरच्या भरवशावर मोसंबी, डाळिंब, सीताफळ, आंबा यांच्या बागा जिल्ह्याच्या इतर भागांतही विखुरलेल्या दिसतात. या बागायतदारांपर्यंत शास्त्रीय माहिती कशी पोहोचते, ती कोणत्या वेळी पोहोचते आणि बाग अडचणीत आल्यावर त्यांच्या पाठीशी कोण उभे राहते, याचा आढावा घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

संस्थांच्या बाबतीत जिल्हा पोरका नाही. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ शेजारच्या परभणीत आहे; त्याचे केळी संशोधन केंद्र नांदेडला, तर मोसंबी संशोधन केंद्र जालना जिल्ह्यातील बदनापूरला आहे. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. कृषी विज्ञान केंद्र म्हणजे विद्यापीठात सिद्ध झालेले तंत्र स्थानिक जमिनीत पडताळून पाहणारी आणि त्याचे प्रशिक्षण देणारी जिल्हास्तरीय संस्था. असे देशातील पहिले केंद्र १९७४ मध्ये पुद्दुचेरीत सुरू झाले. याशिवाय राज्याच्या कृषी विभागाची तालुका कार्यालये आणि प्रशिक्षण, अभ्यास दौरे व शेतकरी गटांचे काम पाहणारी कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेली ‘आत्मा’, हीही आहेत. तेव्हा उणीव संस्थांची नाही. संस्था आणि बाग यांच्या वेळा जुळण्याची आहे.

महाराष्ट्रात फळबागेचा खरा विस्तार १९९० पासून रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेल्यावर झाला. खड्डे खोदण्याची मजुरी आणि कलमांची किंमत सरकारकडून मिळू लागल्याने कोरडवाहू शेतकऱ्यालाही आंबा, बोर, सीताफळ लावणे परवडू लागले. पुढे २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले, आणि २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान ५०, ३० आणि २० टक्के अशा तीन वार्षिक हप्त्यांत देण्याची पद्धत आली, जेणेकरून झाडे जगवण्याची जबाबदारीही शेतकऱ्यावर राहील. मात्र या योजनांचा भर लागवडीवर आहे. मोसंबीचे झाड भरघोस फळ देऊ लागते ते चौथ्या-पाचव्या वर्षानंतर, आणि बागायतदाराचे अवघड प्रश्न तेव्हाच सुरू होतात: कोणता बहार धरायचा, पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा, फळगळ का होते, डिंक्या कसा आवरायचा. अनुदानाची फाइल बंद होते त्या सुमारास सल्ल्याची गरज वाढीस लागते, ही या व्यवस्थेतील विसंगती आहे.

शेतकरी शिक्षणाचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे मेळावा. परभणीच्या विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे या स्थापनादिनी आणि रब्बी मेळावा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, भरतो. हिंगोलीतूनही शेतकरी तेथे जातात, बियाणे घेतात, प्रदर्शन पाहतात. या मेळाव्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही, परंतु हजारोंच्या सभेत मोसंबीच्या मुळकुजीवर वीस मिनिटे बोलता येत नाही, आणि गावोगावच्या छोट्या मेळाव्यांत तर सत्कार, शाल-श्रीफळ आणि आभार यांतून उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरे उरकावी लागतात. (पाहुण्यांची संख्या आणि शंकांची संख्या यांचे प्रमाण व्यस्त असते, हे कोणत्याही अनुभवी कृषी सहाय्यकास ठाऊक आहे.)

याहून वेगळा प्रकार म्हणजे शेतीशाळा. भातावरील किडींचे एकात्मिक व्यवस्थापन शिकवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८९ मध्ये इंडोनेशियात ही पद्धत सुरू केली. तिचे सूत्र साधे आहे: एकच गट, एकच शेत, आणि पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक अंतराने होणाऱ्या बैठका, ज्यांत शेतकरी स्वतः निरीक्षण करतात आणि निर्णयही स्वतःच घेतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ‘पोकरा’त, हिंगोलीसह १५ जिल्ह्यांचा समावेश होता आणि त्यात शेतीशाळांना महत्त्वाचे स्थान होते. पण हंगामी पिकाची शेतीशाळा चार महिन्यांत संपते, तर फळबागेची शाळा वर्षभर आणि वर्षानुवर्षे चालायला हवी. खरीप-रब्बीच्या साच्यात ती बसत नाही.

समोरासमोरच्या प्रात्यक्षिकाने काय साधते, याचे उत्तम उदाहरण बोर्डो मिश्रणाचे आहे. मोरचूद आणि चुना यांचे हे बुरशीनाशक १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डो परिसरातील द्राक्षबागांतून जगाला मिळाले, आणि त्याची घट्ट पेस्ट, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, पावसाळ्यापूर्वी मोसंबीच्या खोडाला लावणे हा डिंक्यावरचा रूढ उपाय आहे. कागदावर ही कृती एका ओळीची आहे. प्रत्यक्षात मोरचूद लोखंडी बादलीत भिजवला, कळीच्या चुन्याऐवजी विरलेला चुना घेतला किंवा मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवले, की औषध बिघडते. म्हणून प्रात्यक्षिकात तयार मिश्रणात लोखंडी चाकू किंवा विळा थोडा वेळ बुडवून बाहेर काढतात. पात्यावर तांबूस थर चढला तर त्यात मोकळे तांबे आहे आणि ते पाने जाळील, असे समजून थर चढायचे थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालतात. पात्यावरचा तो तांबडा थर ज्याने एकदा पाहिला, त्याला माहितीपत्रकाची गरज राहत नाही.

केळीच्या बाबतीत तर एकत्र बसण्याला आणखी एक कारण आहे. ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ रोपे, ठिबक आणि विद्राव्य खते यांमुळे केळी हे भांडवली पीक झाले आहे. घड निसवल्यावर कमळ मोडणे, फण्यांची विरळणी करणे, घडाला पिशवी घालणे आणि जमिनीतून फुटणारी पिले वेळीच कापणे ही कामे शिकून घ्यावी लागतात, पण ती एकट्याने आपल्या बागेत करता येतात. रोगाचे तसे नाही. २०२० मध्ये जळगाव जिल्ह्यात कुकुंबर मोझॅक विषाणूने, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘हरण्या’ने, नव्या लागवडीचे मोठे नुकसान केले. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो, काकडीवर्गीय वेलींवर आणि तणांवर टिकून राहतो, आणि रोगट झाड बरे करणारे औषध नाही. झाड उपटून नष्ट करणे एवढाच मार्ग उरतो. एका बागायतदाराने रोगट झाडे उपटली आणि शेजाऱ्याने ती उभीच ठेवली, किंवा उपटलेली बांधावर टाकली, तर पहिल्याचे श्रम वाया जातात. करप्याची गोष्टही बरीचशी अशीच आहे, कारण त्याच्या बुरशीचे बीजाणू वाऱ्याने हिंडतात. अशा रोगांत संपूर्ण शिवाराने एका आठवड्यात एकच निर्णय घेणे हाच उपचार असतो.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक बागायतदारांचा पहिला सल्लागार कृषी सेवा केंद्राचा दुकानदार असतो. तो जवळ असतो, उधारी देतो, रोगट पान दाखवले की लगेच औषध सांगतो. त्याला दोष देण्यापेक्षा ही सोय सरकारी यंत्रणेला का देता येत नाही, हे विचारणे अधिक योग्य. एका कृषी सहाय्यकाकडे अनेक गावे, पीक पंचनामे, योजनांचे अर्ज आणि सर्वेक्षणे असतात. विद्यापीठाचा हवामानाधारित सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो आणि मोबाइलवर पोहोचतोही, पण बागेतल्या झाडाला नेमके काय झाले आहे हे त्या सल्ल्यातून कळत नाही. शिवाय बागेतली विरळणी, तोडणी, प्रतवारी करणाऱ्या स्त्रिया प्रशिक्षणाच्या बैठकांत क्वचितच दिसतात. काम ज्यांच्या हाताने होते त्यांना वगळून दिलेले प्रशिक्षण अर्धेच राहते.

महाराष्ट्रात यावर उत्तर शोधले ते द्राक्ष बागायतदारांनी. १९६० मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ पुणे, नाशिक, सांगली आणि सोलापूर या विभागांतून काम करतो, ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक चालवतो, आणि त्याची चर्चासत्रे एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळ छाटणी यांच्या तोंडावर होतात. बैठकीची तारीख पीक ठरवते, आर्थिक वर्ष नव्हे. सदस्य वर्गणी भरत असल्यामुळे शास्त्रज्ञाला उलट प्रश्न विचारण्याचा हक्कही त्यांना वाटतो. हिंगोलीची केळी किंवा मोसंबी द्राक्षाएवढी खर्चिक नाही, म्हणून तेवढा मोठा संघ येथे उभा राहील असे नाही. पण मोसंबीसाठी आंबे बहाराच्या आधी डिसेंबरात आणि मृग बहाराच्या आधी मे महिन्यात, तर केळीसाठी मृगबागेच्या लागवडीआधी व निसवणीच्या वेळी, बागेतच बसणारा पंचवीस-तीस जणांचा गट उभा करणे अशक्य नाही.

अशा गटाला विम्याचाही अभ्यास करावा लागेल. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई मुख्यतः महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राने नोंदलेल्या तापमान, पाऊस किंवा वाऱ्यावर ठरते, स्वतःच्या बागेतील नुकसानीवर नव्हे. एप्रिल-मेच्या वादळाने केळी आडवी झाल्यावर हा फरक कळणे फार महाग पडते.

गिरगाव-कुरुंद्याची केळी आणि नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरची केळी हा खरे तर एकच पट्टा आहे. हवामान तेच, व्यापारी बरेचसे तेच, रोगही तेच. प्रशिक्षणाचे नियोजन मात्र जिल्हावार होते आणि जिल्ह्याच्या हद्दीवर थांबते. नांदेडचे केळी संशोधन केंद्र, तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि दोन्ही जिल्ह्यांच्या ‘आत्मा’ यंत्रणा यांनी या पट्ट्यासाठी एकच संयुक्त वेळापत्रक आखावे, आणि येत्या मृगबागेच्या लागवडीपूर्वी त्यातील पहिली बैठक एखाद्या बागायतदाराच्या बांधावर घ्यावी. त्यासाठी नव्या योजनेची किंवा नव्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही.