बुरशीची वैरीण

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर किंवा ओलसर भिंतीवर चढलेली बुरशी तुम्ही पाहिली असेल. बुरशी स्वतःचे अन्न तयार करीत नाही. ती दुसऱ्याच्या जिवावर जगते. परंतु एका बुरशीला दुसरी बुरशी खाऊन टाकते, असे सांगितले, तर तुम्हांला नवल वाटेल.

भुईमुगाच्या शेतात कधी कधी जोमाने वाढलेली झाडे एकाएकी सुकू लागतात. जमिनीलगत त्यांच्या खोडावर पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ही स्क्लेरोशियम नावाच्या बुरशीची करणी होय. शेतकऱ्याचे श्रम ती मातीमोल करते. पण त्याच मातीत तिची वैरीणही राहते. तिचे नाव ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा इतर बुरशींवर जगते, हे रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिले.

बुरशीला ना डोळे, ना कान. मग मातीच्या अंधारात ती आपले भक्ष्य ओळखते तरी कशी? रेणूंच्या साहाय्याने! बुरशीच्या तंतूची भिंत मुख्यतः शर्करेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांनी विणलेली असते. त्यांपैकी एका चिवट द्रव्यास कायटिन म्हणतात. खेकड्याच्या कवचातही हेच द्रव्य असते. ट्रायकोडर्मा आपल्याभोवती थोडी विकरे सोडते. विकरे म्हणजे अशा साखळ्या तोडणारी प्रथिने; आपल्या पाचक रसांतही ती असतात. जवळच्या बुरशीच्या भिंतीचे बारीक तुकडे सुटून ट्रायकोडर्मापर्यंत पोहोचले, की तिला जणू वर्दी मिळते. ती अधिक विकरे निर्माण करते आणि त्या दिशेने वाढू लागते.

तंतूस तंतू भिडला, की ती वेलीप्रमाणे भक्ष्याला विळखा घालते. हा विळखा का पडतो, हे जाणण्यासाठी इन्बार व चेत या इस्राएली शास्त्रज्ञांनी १९९२ साली एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी स्क्लेरोशियमच्या पृष्ठभागावरील लेक्टिन नावाचे प्रथिन नायलॉनच्या धाग्यांना लावले. काय आश्चर्य! ट्रायकोडर्माने त्या निर्जीव धाग्यांनाच विळखा घातला. शर्करेला चिकटणारे हे प्रथिनच तिची ओळखीची खूण होती.

विळखा पडल्यावर विकरे भक्ष्याच्या भिंतीला भोके पाडतात. ट्रायकोडर्मा आत शिरते आणि तेथील जीवनरस शोषून घेते. भक्ष्याची केवळ पोकळ नळी उरते.

हे ज्ञान आता शेतकऱ्याच्या कामी आले आहे. महाराष्ट्रातही अनेक शेतकरी हरभरा, भुईमूग यांच्या बियाण्यास पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा चोळतात. अंकुराबरोबर तीही वाढते आणि कोवळ्या मुळांचे रक्षण करते. मात्र रोग बळावल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. पहारेकरी आधीच नेमावा लागतो.

बुरशी म्हटली, की आपण नाक मुरडतो. पण सर्वच बुरशी सारख्या नसतात, हे त्या मूठभर मातीने आपल्याला शिकविले आहे.